बेरिंबाव शिकतंय का कोणी? (चिचि डों डिं आणि तबल्याची खोड)

तिरकिट

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लिस्बनला येऊन चार वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं इथल्या एका गटात कापुएरा अंगोला शिकतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्राझीलच्या बाहिया राज्यात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांमध्ये वाढलेला हा खेळ. लढाई, नाच की गाणं, ते ठरवायच्या भानगडीत पडू नका, तिथली माणसंही पडत नाहीत. गोल करून बसायचं (त्या गोलाला म्हणतात होडा), दोघं आत खेळतात, बाकीचे गातात-वाजवतात. आणि या सगळ्यांवर हुकूम चालतो बेरिंबावचा. साडेचार-पाच फुटी काठी, तिला वाकवून ताणलेली पोलादी तार, खाली बांधलेला सुका भोपळा. एका हातात बारीक छडी आणि काशिशी, म्हणजे वेताचा छोटा खुळखुळा. दुसऱ्या हातात अख्खं धनुष्य, वर त्याच हाताच्या चिमटीत गोटा किंवा नाणं.

आता माझं दुखणं. लहानपणी पुण्यात आठ वर्षं तबला शिकले. त्यामुळे पहिल्याच दिवशी घरी येऊन वहीत बोल लिहून काढले. आवाज तीनच. गोटा तारेपासून लांब: डों. गोटा घट्ट दाबून: डिं, साधारण एक स्वर वर. गोटा नुसता टेकवून: चि, झणझणलेला. आणि त्यांचे हे तीन ठेके:

अंगोला: चिचि । डों । डिं । ऽ
साँव बेंतु पेकेनु: चिचि । डिं । डों । ऽ
साँव बेंतु ग्रांजी: चिचि । डिं । डों । डों

दोन दिवसांत पाठ. मनात म्हटलं, एवढंच होय! दीड वर्ष हेच वाजवतेय. परवा आमचे गुरू, साठीचे बाहियन गृहस्थ, होडा संपल्यावर शांतपणे म्हणाले, "बरोबर वाजवतेस. पण तू वाजवायला लागलीस की खेळ झोपतो."

दोन दिवस जेवण गेलं नाही.

तर विचारायचंय: १. करंगळी बधिर होते, उपाय? २. 'चि' कधी झणझणतो, कधी मुका पडतो, तो काबूत कसा आणायचा? ३. खेळ झोपतो म्हणजे नेमकं काय होतं?

पडवळ

धनुष्य वाजवतात? आमच्याकडे स्वयंवरात मोडतात.

(पुढचे प्रतिसाद वाचायला बसलोय. चहा ठेवलाय.)

निवांतराव

तिरकिट, बोल छान बसवलेत. एक शंका. सम कुठे धरता? 'चिचि'वर की 'डों'वर? चार मात्रांत पहिल्या मात्रेचे दोन तुकडे आणि शेवटची मात्रा मोकळी, असं दिसतंय. केरव्याच्या कानाने ऐकलं तर 'चिचि' ही उचल वाटते आणि वजन 'डों'वर पडतं. तुम्ही तबल्याच्या सवयीने 'चिचि'वर ठासून सम देत असाल तर ठेका उलटा ऐकू येत असणार. खेळ झोपेल नाही तर काय!

सातारी_झटका

अरे वा, या विषयावर इथे धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी कंपनीच्या कामासाठी चौदा महिने साल्व्हादोरला (बाहियाची राजधानी) होतो. ऑफिस सुटलं की पेलोरिन्यो या तिथल्या जुन्या वस्तीच्या चढावर एका गटात जायचो. खेळ मला कधी जमला नाही (गुडघे), पण वाजवायला बसवायचे. त्या जोरावर सांगतो.

करंगळी: सगळा भार तिच्यावरच असतो, त्याला इलाज नाही. भोपळ्याची दोरी काठी आणि तार दोन्हींना कवेत घेते, करंगळी त्या दोरीखाली जाते. मधली बोटं काठीला वेढा घालतात, अंगठा-तर्जनीत गोटा. नवशिका करतो काय, तर काठी मुठीत आवळतो. आवळली की चिमूट आखडते, आणि चिमूट आखडली की 'चि' मेला. तुमचा पहिला आणि दुसरा प्रश्न एकच आहे. काठी तोलायची, धरायची नाही. टीव्ही बघताना नुसतं धनुष्य उचलून उभे राहा, वाजवू नका. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटंही जमणार नाहीत. मग घट्टा पडतो. माझ्या करंगळीवर अजून खूण आहे, बायको म्हणते एवढीच ब्राझीलची कमाई.

भोपळ्याची दोरी खालच्या टोकापासून साधारण वीतभर वर हवी. फार खाली गेली की तोल जातो, फार वर गेली की आवाज किरटा होतो. आणि भोपळ्याचं तोंड पोटाला. पोटापासून लांब केलं की आवाज उघडतो, टेकवलं की मिटतो, त्यातून तो 'वाँव' निघतो. जेवून लगेच वाजवू नये, हे माझं स्वतःचं संशोधन.

'चि': गोटा तारेला लावायचा नाही, तारेच्या वाटेत ठेवायचा. तार थरथरत येऊन त्याला धडकली पाहिजे.

आणि एक सांगू? ती वही माळ्यावर टाका. आमच्या गटात कोणी वही काढली तर म्हातारे हसायचे. "बेरिंबाव बोलतं, त्याचं शुद्धलेखन करू नका" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे.

निवांतराव

सातारी, बाकी सगळं मान्य, वही टाका हे अमान्य. आपल्याकडे बोल ही काही कागदाची गोष्ट नाही. बोल आधी तोंडात येतात, मग हातात. पढंत करणाऱ्या माणसाला शुद्धलेखनवाला म्हणू नका राव. शिवाय त्यांच्याकडेही 'चि चि डों डिं' तोंडाने म्हणूनच शिकवत असतील ना?

सातारी_झटका

म्हणतात, म्हणतात. शरण. तोंडाने म्हणतात, गातात, पण लिहीत नाहीत. चौथ्या मोकळ्या मात्रेत काशिशीचा जो 'छिक' येतो तो वहीत 'ऽ' होऊन बसला, बघा वरती. तिरकिटताईंनी तिथे अवग्रह काढलाय. तिथेच तर सगळी गंमत आहे.

तिरकिट

अरे देवा. खरंच की. दीड वर्ष मी तिथे थांबतेय. काशिशी वाजते, पण आपोआप, हात हलतो म्हणून.

घुमटकार

गोंयकाराचो नमस्कार. दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, मेस्त्री. तिथे गुरूला 'मेस्त्री' म्हणतात. आमच्याकडे दार बसत नसलं की मेस्त्रीला बोलावतात. शब्द तोच, पोर्तुगीज 'मेस्त्र'. कोकणात, मराठीत सुतार-गवंड्याला चिकटला आणि बाहियात कापुएराच्या गुरूला. म्हणजे तिरकिटबाय, तुमच्या मेस्त्रीने तुमचं दार बसत नाही एवढंच सांगितलंय, रंधा मारा.

दोन, अंगोलाच्या होडात तीन बेरिंबाव असतात, त्यांतलं सगळ्यात मोठं, खर्जातलं, त्याचं नाव गुंगा. हिंदीत गुंगा म्हणजे मुका. आणि होडात सगळ्यांना गप्प करणारा तोच.

पडवळ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). गुंगा बोलतो आणि मेस्त्री रंधा मारतो.

शेंडेफळ

तुम्ही वाजवताना बघता कुठे?

जुनीपानं

इतिहासाची एक पुरवणी जोडतो, कारण "परंपरागत ताल" म्हटलं की लोकांना वाटतं हे असंच पाचशे वर्षं चालू आहे.

रुगेंदास या जर्मन चित्रकाराचं कापुएराचं प्रसिद्ध चित्र १८३५ साली छापलं गेलं. त्यात दोघं खेळतायत, बाजूला एक जण ढोल वाजवतोय. बेरिंबाव नाही. त्याच काळात ब्राझीलमध्ये राहिलेल्या देब्रे या फ्रेंच चित्रकाराने रस्त्यावरचा आंधळा म्हातारा धनुष्य वाजवताना काढलाय, पण तिथे कापुएरा नाही. तेव्हा त्या वाद्याला उरुकुंगु म्हणत. अंगोलात आजही हुंगु नावाचं याच जातीचं वाद्य आहे. म्हणजे धनुष्य आणि खेळ दोन्ही होते, पण त्यांचं लग्न पुढे लागलं.

मग १८९० च्या दंडसंहितेत कापुएरा हा गुन्हाच ठरला, दोन ते सहा महिने कैद. 'काव्हालारिया' नावाचा ठेका आहे, त्यात घोड्यांच्या टापा ऐकू येतात. घोडेस्वार पोलीस येताहेत, पांगा, अशी ती खूण होती असं जुने लोक सांगत आले. साल्व्हादोरमध्ये १९२० च्या दशकात 'पेद्रितो' या टोपणनावाच्या पोलीस अधिकाऱ्याची दहशत होती, त्याच्याशी ही आठवण जोडतात.

मेस्त्री बिंबांनी कापुएराची रेजियोनाल ही नवी पद्धत घडवली, १९३७ साली त्यांच्या शाळेला सरकारी नोंदणी मिळाली. त्यांच्याकडे एकच बेरिंबाव आणि दोन पांदेरू (आपल्या दिमडीला चकत्या लावल्यासारखं). मेस्त्री पास्तिन्यांनी १९४१ पासून अंगोला शैलीची शाळा चालवली. अंगोलावाल्यांकडे तीन बेरिंबाव: गुंगा, मेजिउ, व्हिओला. २०१४ साली युनेस्कोने होडाला मानवतेच्या वारशात घेतलं. १८९० ला तुरुंग, २०१४ ला प्रशस्तिपत्र.

आंब्याचा_टाळा

जुनीपानं, माहिती भारी. अवांतर होईल, पण धनुष्य वाजवणारे आपल्या शेजारीच आहेत. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे, तिथल्या सिद्दी लोकांकडे 'मलुंगा' असतो. धनुष्य, तार, खाली भोपळा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं कोणी ब्राझीलहून आणलाय! आमचं मूळ मुरूडचं, जंजिऱ्याचे सिद्दी म्हटलं की डोळ्यांसमोर तोफाच यायच्या. त्यांच्या भाईबंदांकडे असं वाद्य असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

जुनीपानं

सुंदर उदाहरण. फक्त घाईने सख्खे भाऊ ठरवू नका. आपल्याकडचे सिद्दी बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आले, बेरिंबावचं गोत्र पश्चिमेकडच्या अंगोला बाजूचं. भोपळा लावलेली धनुष्यं आफ्रिकेत दोन्हीकडे आहेत. चुलत म्हणा.

वडसा_लोकल

आमच्या गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात धनकुल असतं. मडक्यावर सूप ठेवतात, सुपावर धनुष्याचं टोक टेकवतात, आणि गुरुमाय बांबूच्या काडीने धनुष्याच्या खाचांवर घासते. जगार, म्हणजे तिथली कथागाणी, गाताना. रात्र रात्र चालतं. तिथे भोपळ्याचं काम मडकं करतं.

कडूकारलं

सगळं ठीक, पण आपल्याकडचं तुणतुणं, चौंडकं शिकायला कोणी नाही आणि आपण ब्राझीलच्या धनुष्यावर धागे काढतोय. चालू द्या.

तिरकिट

कडूकारलं, चौंडकं शिकवणारं कोणी लिस्बनमध्ये माहीत असेल तर पत्ता द्या, उद्यापासून जाते. उलट मला चौंडक्याची आठवण बेरिंबावमुळेच झाली. आजोळी यल्लम्माचे जोगते यायचे, तार ताणून-सैल करून सूर हलवायचे. लहानपणी त्याकडे नीट ऐकलं नव्हतं.

गंधसरी

अवांतरात माझीही भर. नाना व्हास्कोन्सेलोस या ब्राझीलच्या कलावंताने बेरिंबाव कापुएराबाहेर जगभर नेलं. कोडोना नावाच्या त्रिकुटात तो, डॉन चेरी आणि कॉलिन वॉलकॉट. वॉलकॉट सतार-तबला वाजवायचा, म्हणजे तबला आणि बेरिंबाव एका मांडवाखाली आधीच येऊन गेलेत. १९८४ ला वॉलकॉट अपघातात गेला. त्याच्या दुसऱ्या बँडमध्ये, ओरेगनमध्ये, पुढे आले आपले त्रिलोक गुर्टू, शोभाताईंचे चिरंजीव. जग लहान आहे.

पडवळ

मूळ प्रश्न काय होता? खेळ का झोपतो. धागा झोपायच्या आत कोणीतरी सांगा.

सातारी_झटका

हो, तिसऱ्या प्रश्नावर येतो. तिरकिट, तुम्ही तिघांतलं कोणतं वाजवता?

तिरकिट

मेजिउ. गुंगा अंगोला धरतो, मी त्याच्या उलट साँव बेंतु पेकेनु. व्हिओलावाली बाई साँव बेंतु ग्रांजीवरून सुटते आणि वाट्टेल ते करते, मला तिचा हेवा वाटतो.

सातारी_झटका

मग खरी गोची इथे आहे. गुंगा 'डों डिं' म्हणतो तेव्हा तुम्ही 'डिं डों' म्हणता. दोघांचं मिळून एक वाक्य होतं, सवाल-जवाब. तुम्ही आपल्या चार मात्रा चोख मोजत बसलात तर ते दोन वेगळी माणसं शेजारी बसून स्वतःशी बोलल्यासारखं ऐकू येतं. आमच्या गटातल्या आजोबांनी मला महिनाभर फक्त गुंगाचा 'डों' गुणगुणत मेजिउ वाजवायला लावलं होतं. तोंडात त्याचं, हातात आपलं. डोकं फुटायची वेळ आली, पण मग एका संध्याकाळी बसलं.

(गटागटात फरक असतो हं. कुणाकडे मेजिउवर साँव बेंतु ग्रांजीच असतो. मेस्त्री सांगतील ते खरं.)

अर्धवट_अभियंता

मी रेजियोनालवाला, त्यामुळे इथे दबकून लिहितोय. आमच्याकडे ठेका बदलला की खेळच बदलतो. बेंगेला लागला की जवळून, हळू, वाहता खेळ. साँव बेंतु ग्रांजीची बिंबांची चाल लागली की लाथा जोरात. युना लागला की आम्ही चिल्लीपिल्ली बाहेर, फक्त पदवी मिळालेलेच खेळणार आणि त्यावर कोणी गाणार नाही. एकदा मी सरावात मजा म्हणून युना छेडला तर दोन सीनिअर मुकाट्याने उठून गोलात आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. पुढे मला येत नव्हता. ती शांतता अजून आठवते.

म्हणजे वाजवणारा साथ करत नाही, तो चालवतो.

शेंडेफळ

मी वर एक प्रश्न विचारला होता, तो इतिहासात वाहून गेला. परत विचारतो. वाजवताना बघता कुठे?

मला कापुएरातलं ओ की ठो कळत नाही. वडील ढोलकी वाजवायचे, फडात. मी त्यांच्या मागे बसून झांज धरायचो. ते कधीच ढोलकीकडे बघायचे नाहीत. बाईच्या पायाकडे बघायचे. बाईने पाय उचलला की थाप टेकायच्या आत त्यांना माहीत असायचं तो कुठे पडणार. शाई, गजरा कशाकडे लक्ष नाही, फक्त घोटा. एकदा मी विचारलं, चुकत कसं नाही? म्हणाले, ढोलकी मी नाही वाजवत, ती वाजवते, मी हात लावतो.

तुम्ही गोट्याकडे बघत असणार.

निवांतराव

शेंडेफळ, तुमच्या वडिलांना नमस्कार. माझी समेची चर्चा मागे घेतो.

तिरकिट

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण अहवाल द्यायचाय.

शेंडेफळदादा, तुमचा प्रतिसाद वाचला त्या रात्री मैत्रिणीकडून मागच्या होडाचा व्हिडिओ मागवला. अकरा मिनिटं. अकराच्या अकरा मिनिटं माझी मान खाली. गोट्याकडे. समोर दोन माणसं जमिनीला पोट लावून एकमेकांच्या पायांखालून सरकतायत आणि मी जणू सुईत दोरा ओवतेय. आणखी वाईट म्हणजे चौथ्या मिनिटापासून लय चढत गेली. गुंगावाल्याने दोनदा माझ्याकडे बघितलं, मला पत्ता नाही. शेवटी त्यानेच हळूहळू मला ओढून खाली आणलं. खेळणारे त्या ओढाताणीत थबकले. झोपले नव्हते बिचारे, वाट बघत होते.

मग सातारींचा उपाय. तोंडात गुंगाचा 'डों', हातात माझा मेजिउ. पहिले दोन आठवडे काहीही नाही, फक्त शेजारीण भिंतीवर ठोकायची (तेही लयीत नाही). करंगळीला फोड आला, फुटला, परत आला. टीव्हीसमोर धनुष्य धरून उभं राहणं आता दहा मिनिटांवर गेलंय. चौथ्या मात्रेतला 'छिक' मुद्दाम वाजवायला लागले तेव्हा कळलं की तिथे मी श्वास रोखत होते.

परवा होडा होता. मान वर ठेवली. दोनदा गोटा निसटून पडला, एकदा तर खेळणाऱ्याच्या पाठीवर. तो हसला. पण एका क्षणी एकीने खाली बसून पाय मागे ओढला आणि माझा 'डिं' नेमका तिथे पडला. मी ठरवलं नव्हतं. ती थांबून माझ्याकडे बघून परत आत गेली.

मेस्त्री काही बोलले नाहीत. होडा संपल्यावर त्यांनी मला माझं धनुष्य उतरवायला लावलं. तार काढून ठेवल्याशिवाय घरी न्यायचं नाही, नाहीतर काठी वाकलेलीच राहते, हे मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा गुंगा माझ्या हातात दिला, फक्त धरायला. बापरे, काय वजन!

आणि हो, आज सकाळी घरी चढवताना माझी तार तुटली. गुडघ्याने काठी वाकवली, वरून दोरी खेचली, आणि फट्! गालाला चाटून गेली. आता तार कुठे मिळेल?

सातारी_झटका

विकत घेऊ नका. साल्व्हादोरला बंदराजवळच्या एका दुकानातून मी रंगवलेलं झकास बेरिंबाव आणलं होतं, आतली तार आठवड्यात गेली आणि भोपळ्याला आधीच चीर होती, रंगाखाली लपवलेली. गॅरेजमध्ये जा, जुना टायर मागा. कडेच्या रबरात तारा असतात, सुरीने चिरून एक ओढून काढा, पॉलिशपेपरने रबर घासून काढा. तिथले सगळे तेच करतात. चढवताना तोंड बाजूला ठेवा.

घुमटकार

आणि वरच्या टोकाला चामड्याची चकती आहे ना? नसेल तर तार लाकडात रुतत जाते. जुन्या चपलेचा तुकडा चालतो.

पडवळ

जुना टायर, जुनी चप्पल, भोपळा. तिरकिट, तुमचं भंगारवाल्याकडे खातं उघडून टाका.

शेंडेफळ

घोट्याकडे बघा. गालाची काळजी घ्या.